दार न उघडता

सोमवार, २ फेब्रुवारी

आलो एकदाच्या. सामान थोडंच आहे असं मी सगळ्यांना सांगत होते, पण ते उतरवायची वेळ आली तेव्हा टेम्पोवाल्यानं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी गुपचूप दोन पिशव्या स्वतःच उचलल्या. दुसरा मजला, दोन खोल्या, रस्त्याच्या बाजूला गजांची खिडकी, मागे एवढंसं स्वयंपाकघर. भिंतींना ताजा रंग, नळाला पाणी. मला तर राजवाडा मिळाल्यासारखं झालं.

कुरकुरबाईंचं मत वेगळं. जिने फार आहेत. रंगाचा वास येतो. खाट भिंतीला लावली तर भिंत गार लागते, आणि भिंतीपासून लांब ठेवली तर झोपेत पडायला होईल. सात वर्षांच्या पोरीला एवढ्या तक्रारी सुचतात कुठून, देव जाणे. तिचे बाबा म्हणायचे, हिला वकील करू. ते गेल्यापासून आम्ही दोघीच, आणि घरात जो काही आवाज असतो तो हिच्या कुरकुरीचाच. मी वैतागते, पण तो आवाज मला लागतो.

उद्या चौकीत हजर व्हायचं. कामाचं नाव भारदस्त आहे, वस्ती सहायक. अधिकार म्हणाल तर शून्य. अंगात निळं जाकीट, हातात काठी नाही, कुणाला पकडता येत नाही. घरोघर जायचं, विचारपूस करायची. एकटी राहणारी म्हातारी माणसं, आजारी माणसं, घरात मार खाणाऱ्या बायका, यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि काही वावगं दिसलं तर चौकीत कळवायचं. पोलीस मला पोलीस मानणार नाहीत आणि लोक मला शेजारीण मानणार नाहीत. तरी मला हेच काम हवं होतं. लोकांच्या घरात डोकावायची मला आवड आहे, आता त्याचा पगार मिळणार.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस हवालदारकाकांबरोबर फिरले. काका निवृत्तीला आलेले, पोट पुढे, आवाज खणखणीत, साऱ्या वस्तीला नावानिशी ओळखतात आणि वस्ती त्यांना. त्यांनी पहिल्याच दारात मला त्यांची पद्धत सांगितली. टकटक करायची, दार उघडेपर्यंत थांबायचं, माणसाचं तोंड बघायचं, मग पाणी मागायचं. मी म्हटलं, काका, एवढ्या घरांतून पाणी प्यायले तर माझं काय होईल? तर म्हणाले, पाणी प्यायला नाही मागायचं गं, पाणी आणायला माणूस आत गेलं की घर दिसतं. चूल पेटलीय की नाही, भांडी किती दिवसांची पडलीयत, माणूस लंगडतंय का, सगळं एका पेल्यात कळतं. दार न उघडता कुणी काहीही बोललं तरी ते धरायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आमची फेरी मागच्या गल्लीत सुरू होते. तिथे एक निवृत्त मास्तर आहेत, एकटेच. तुंबलेलं गटार, शेजाऱ्यांचा रेडिओ, कुत्री, चौकीचा आळशीपणा, सगळ्यावर त्यांनी माझी शिकवणीच घेतली. वर, उद्या याच सगळ्याची परीक्षा घेईन, असं म्हणाले. मला ते फार आवडले. दोन दारं सोडून एक शिवणकाम करणारी बाई राहते. तिच्या गालावर वळ होता. कपाटाचं दार लागलं म्हणाली. काका पाणी प्यायले, आणि निघताना हळूच म्हणाले की ताई, कपाटाविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला आम्ही कधीही तयार आहोत. ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. या माणसाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

गल्लीच्या टोकाला, मास्तरांच्या पलीकडे, एक बंद घर आहे. दाराला कुलूप, उंबऱ्यावर कचरा. ते रिकामंच आहे म्हणाले काका, आणि बोलत बोलत मला पुढे घेऊन गेले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आता एकटीच फिरते आणि माझी पुरती दमछाक होते. प्रत्येक दारात पाणी, प्रत्येक पाण्याबरोबर एक रामायण. शुक्रवारी फेरी संपता संपेना. कुरकुरबाईंची शाळा सुटून गेली, आणि मी धावत आले तर ही जिन्यावर बसून रडत होती. नाक वाहतंय, दप्तर पायाशी, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाला माझी आई हरवली म्हणून सांगतेय.

आज डोकं चालवलं. म्हाताऱ्या माणसांना दार उघडायला उठायचं जिवावर येतं, गुडघे दुखतात. मग मी सगळ्यांना सांगून टाकलं की उठू नका, मी टकटक करून बरं आहे ना विचारेन, तुम्ही आतूनच ठीक आहे म्हणा, काही हवं असलं तरच दार उघडा. लोक खूश. एका आजोबांनी तर मला तोंडभर आशीर्वाद दिला. फेरी निम्म्या वेळात झाली आणि शाळा सुटताना मी फाटकात उभी. पोरीला वाटलं, मला नोकरीवरून काढलं.

काकांना सांगितलं नाही. त्यांची पद्धत त्यांच्यापाशी. त्यांना घरी जाऊन कुणाला जेवायला घालायचं नसतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. आता हाताला लय आली आहे. टकटक, बरं आहे ना, ठीक आहे, पुढचं दार. त्या लयीत मी गल्लीच्या टोकाच्या बंद घराच्या दारावरही टकटक केली. विचारूनही टाकलं. आणि आतून बाईचा आवाज आला, ठीक आहे.

मी बरं म्हणून वळले आणि मास्तरांच्या दाराशी गेले. मास्तर आतून म्हणाले, ठीक आहे. तिथून पुढे आल्यावर डोक्यात आलं की त्या घराला तर कुलूप होतं. मागून दुसरं दार असेल. नवीन बिऱ्हाड आलं असणार. आवाज शांत होता, जरा लांबवलेला, आधी एक बारीकसा श्वास आणि मग ठीऽक आहे. बाई समजूतदार वाटली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चौकीच्या साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मागच्या गल्लीतून या आठवड्यात एकही तक्रार नाही. चौकीचा अंमलदार म्हणाला की ताईंनी मास्तरांच्या तोंडाला कुलूप कसं लावलं ते आम्हालाही शिकवा. सगळे हसले, मीही हसले.

खरंच, मास्तर गटाराचं नाव काढत नाहीत. गेले काही दिवस नुसतं ठीक आहे. शिवणाऱ्या बाईनं गुरुवारी चौकीत येऊन नवऱ्याविरुद्ध तक्रार देते असं मला सांगितलं होतं, ती आली नाही. विचारलं तर आतून म्हणाली, ठीक आहे. तिचं मन बदललं असेल. मी फार खणत बसले नाही, शाळा सुटायची वेळ झाली होती.

कुरकुरबाईंना नवे बूट चावतात. बुटाला दात नसतात म्हटलं, तर मला टाच दाखवली. खरंच फोड आला होता.

सोमवार, १६ फेब्रुवारी

जमेल तसं लिहिते.

चौकीत चहा घेताना मी सहज म्हटलं की त्या टोकाच्या घरात राहायला आलेली बाई फार गोड बोलते. काकांनी कप खाली ठेवला. विचारलं, तोंड बघितलंस? मी नाही म्हटलं. मग खरं काय ते सांगावं लागलं, दार न उघडता विचारते म्हणून. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्यांचा चेहराच उतरला.

त्या घरात एक बाई एकटी राहायची. माझ्या आधी या कामावर जी मुलगी होती तीही माझ्यासारखीच घाईची. रोज बाहेरून विचारायची, बाई आतून ठीक आहे म्हणायची. शेवटी वास सुटला म्हणून दार तोडलं. बाई केव्हाची गेली होती. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झाले. आणि ती मुलगी रडून रडून सांगत होती की मला आज सकाळीही उत्तर आलं. ती नोकरी सोडून गेली. तेव्हापासून काकांचा तो नियम. मी घाबरून पळेन म्हणून मला कारण सांगितलं नाही म्हणाले. मी घाबरले असते तर बरं झालं असतं.

दोघंही तसेच उठून मास्तरांकडे गेलो. टकटक केली. आतून एक बारीक श्वास आणि मग, ठीऽक आहे. आवाज मास्तरांचा होता पण म्हणणं त्यांचं नव्हतं. काकांनी दार उघडा म्हणून पाच-सहा वेळा सांगितलं. दर वेळी तेच उत्तर. शेवटी काकांनी खांद्यानं दार पाडलं.

मास्तर जमिनीवर पडले होते. खुबा मोडलेला, पाय उलटा वळलेला. किती दिवस तसेच होते कोण जाणे, ओठांच्या चिरा काळ्या पडल्या होत्या. आमच्याकडे बघून हसले. मी रोज सकाळी त्या दारापाशी उभी राहत होते. त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मास्तर पहाटे गेले. डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं तेव्हाही तेच सांगत होते म्हणे. दवाखान्यातल्या नर्सला त्यांचं कौतुक वाटलं, इतका सोशिक पेशंट पाहिला नाही म्हणाली. सोशिक! गटाराच्या वासावरून चौकी डोक्यावर घेणारा माणूस!

शिवणाऱ्या बाईचं दारही तोडावं लागलं. ती दाराला लागूनच आत उभी होती, कडीवर हात ठेवून. नुसती कडी काढायची होती. हात कडीवर आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तोंड हसरं. मनगट सुजून टम्म झालेलं. तुझ्या नवऱ्यानं केलं ना हे, असं विचारलं. ठीक आहे म्हणाली. मी तिला जवळ घेतलं तर तिनं माझं जाकीट मुठीत असं आवळलं की बटण तुटलं. म्हणजे ती आत आहे. तिला सगळं कळतंय. फक्त तोंड तिचं राहिलेलं नाही.

काकांनी तिला दवाखान्यात नेलं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

साहेबांच्या पाया पडायचीच बाकी होते. सगळी दारं तोडा म्हटलं. मी ज्यांना ज्यांना बाहेरून विचारलं ती सगळी. साहेब शांतपणे म्हणाले की बाई, लोक स्वतः ठीक आहे म्हणतायत तर मी कोणत्या कारणानं त्यांची दारं तोडू? तक्रार कुठेय? मास्तर म्हातारे होते, पडले. त्या बाईचा नवरा दारुडा आहे, पण ती तर काही बोलत नाही. वर म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. माझं जाकीट काढून घेतलं.

आता मला कळलंय. बंद दार मध्ये असतं, एक विचारतं, दुसरं पलीकडून उत्तर देतं, तिथून हे शिरतं. माणूस जिवंत असतं, त्याला दुखतं, भूक लागते, आणि ते सांगता येत नाही. त्या घरातून मी हे उचललं आणि दारोदार वाटत गेले. सकाळी सकाळी, हसतमुखानं.

काका एकटेच दारं ठोठावत फिरतायत. मी जायचं नाही म्हणाले. तू विचारायचंच नाही कुणाला, म्हणाले.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

नाही नाही नाही.

सकाळी कुरकुरबाई न्हाणीघरात गेली. बराच वेळ झाला. मी कणीक भिजवत होते, डोक्यात दुसरंच, हात भरलेले. दारापाशी गेले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं — काय गं, बरं आहे ना?

आईच्या तोंडून निघणारच ना. दिवसातून दहादा निघतं.

आतून आधी बारीक श्वास. मग —

मी कडी उचकटून तिला बाहेर ओढलं. छातीशी धरलं. म्हटलं, पाणी गार होतं का? साबण डोळ्यांत गेला का? काहीतरी म्हण. माझी आई वाईट आहे म्हण. ती माझ्याकडे बघून हसली. इतकं शहाण्या मुलीसारखं ती कधी हसलेली नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मुद्दाम चावणारे बूट घातले तिला. चालली. दूध खारट करून दिलं. प्यायली. केस विंचरताना जोरात ओढले, देवा मला माफ कर, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडानं ठीक आहे म्हणाली.

घरात आवाज नाही. रस्त्यावरचे आवाज ऐकू येतात. या घरात ते कधी ऐकू आले नव्हते.

दुपारपासून जेवत नाही. अंग कोमट आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

ताप. दोनदा उलटी. झोपली की पाय पोटाशी घेते, उठवलं की सरळ करते आणि हसते.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, इथे दुखतं का बाळ, इथे? ठीक आहे. तिथे? ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, खाण्यात काहीतरी आलं असेल, आणि औषध लिहून दिलं. मी म्हटलं, तिच्या बोलण्यावर जाऊ नका, तिला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, किती छान बोलतेय की. मी ओरडले. तिथल्या दोन नर्सनी मला पाणी दिलं, बसवलं. पोरीपेक्षा आईलाच औषधाची गरज आहे असं दोघी बोलत होत्या.

काका म्हणाले, उद्या मोठ्या दवाखान्यात नेऊ, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. रविवार आहे, पण तो बघेल. सकाळी फेरी आटपून येतो म्हणाले.

रविवार, २२ फेब्रुवारी

काकांची वाट बघत बसवेना. ताप चढलाय. मीच निघायचं ठरवलं. तिला बूट — नाही, बूट नकोत, चादरीत गुंडाळलं. मग न्हाणीघरात गेले, तोंडावर पाणी मारायला. तिथे मला रडू फुटलं. तिला दिसू नये म्हणून दार लोटून घेतलं.

बाहेरून तिचा आवाज. आई, बरं आहे ना?

तीन दिवसांनी ती दुसरं काही बोलली. मला इतका आनंद झाला. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हटलं — आयांना रडतानाही जे म्हणायची सवय असते तेच.

म्हणून झाल्यावर कळलं.

*

घराच्या दाराची कडी निघत नाही. कडी सैल आहे, मीच तेल घातलं होतं. हात तिथपर्यंत जातो आणि थांबतो. पोर खांद्यावर, दार समोर, आणि मी त्या शिवणाऱ्या बाईसारखी उभी.

ओरडले. जे निघालं ते लिहीत नाही.

खिडकीतून हात हलवला. खालून एक बाई जात होती. तिनंही हसून हात हलवला.

*

हात लिहितो! तोंड माझं नाही, पण हात लिहितो. हे आत्ता सुचलं, वही समोर पडली होती म्हणून. तिच्या हातात पेन्सिल दिली. तिनं कागदावर लिहिलं, आई खूप दुखतय. खाली एक माणूस काढला आणि त्याच्या पोटावर उजवीकडे पेन्सिल इतकी रगडली की कागद फाटला.

माझं बाळ. चार दिवस. माझ्याच मांडीवर.

काकांना मेसेज केला, लगेच या, दार तोडा, पोरगी मरतेय. त्यांचा तो जुना बटणांचा फोन. त्यांना लिहिलेलं पटत नाही, आवाज ऐकला की खात्री होते. त्यांनी फोनच केला. काय झालं गं? माझ्या हातानं फोन कानाला लावला आणि माझ्या तोंडानं त्यांना शांत केलं.

पुन्हा मेसेज. पुन्हा फोन. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा फोन केला. नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, येतो.

*

तिच्या पोटाला हात लावू देत नाही. हसते आणि हात ढकलते.

ओठ कोरडे. पाणी चमच्यानं — बाहेर येतंय.

*

काका आले. जिन्यावर त्यांचे बूट. टकटक.

लिहून ठेवलेलं पान दाराखालून सरकवलं. दार तोडा. पोट, उजवीकडे, लगेच कापावं लागेल. मी काय बोलते ते ऐकू नका.

वाचतायत. थांबून थांबून.

म्हणाले, तोंड दाखव. नुसती कडी काढ, मला तुझं तोंड बघू दे. माझ्या तोंडानं काय सांगितलं ते ऐकलं त्यांनी. म्हणाले, हे तुझं बोलणं नव्हे पोरी. रडतायत. काका रडतायत. त्यांना पटलंय! देवा, त्यांना पटलं —

खांदा मारला. दार हललं. परत. हे दार नवीन आहे, जाड आहे. त्यांचं वय —

बिजागरीचा एक खिळा निघाला. अजून एक धक्का काका. अजून एक

पोरगी उठली. कुठून बळ आलं. भिंत धरून दाराशी गेली. दाराला गाल लावला.

ती विचारतेय. गोड आवाजात. आजोबा, तुम्हाला लागलं का? बरं आहे ना?

धक्के थांबले

काका बोलू नका. तिला उत्तर देऊ नका, पोरीला वाईट वाटेल म्हणून सुद्धा नका, दुसरं पान सरकवतेय ते वाचा, तोंड मिटून फक्त दार

श्वास घेतला त्यांनी. मला ऐकू आला. बारीक —

काका नको का